गर्भाशयमुखाचा कर्करोग : टी-पेशी असूनही गाठ का वाढते?

प्रश्न
गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) चा संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो, असे वाचले. उरलेल्यांच्या रोगप्रतिकारक पेशींना हा विषाणू दिसतच नाही, की दिसूनही त्यांचे काही चालत नाही?

प्रतिसाद १
आधी पहिले घडते, नंतर दुसरे. हा विषाणू रक्तात उतरत नाही. तो गर्भाशयमुखाच्या अस्तराच्या तळच्या थरात शिरतो आणि तिथल्या पेशी सरकत सरकत वर येऊन गळून पडतात, तेव्हा त्यांच्याबरोबरच नवे विषाणूकण बाहेर पडतात. पेशी फुटत नाही, फारसा दाह होत नाही, त्यामुळे धोक्याची वर्दी कोणाला जातच नाही. शिवाय विषाणूचे ई५ हे प्रथिन पेशीतील प्रथिनांचे तुकडे तिच्या पृष्ठभागावर मांडणारे एमएचसी-१ रेणू कमी करते आणि टी-पेशी (बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) संसर्ग ओळखतात त्या नेमक्या याच रेणूंवरून. विषाणूचे तुकडे टी-पेशींपर्यंत नेणाऱ्या लँगरहान्स पेशीही अशा जागी विरळ झालेल्या आढळतात.

प्रतिसाद २
टी-पेशींचे महत्त्व एचआयव्हीबाधित स्त्रियांकडे पाहिले की कळते, कारण एचआयव्ही टी-पेशीच नष्ट करतो. त्यांच्यात या कर्करोगाचा धोका सुमारे सहा पट असतो. तरीही प्रत्येक रुग्णाची प्रतिकारशक्ती मुळात कमकुवत होती, असा निष्कर्ष काढू नये.

प्रतिसाद ३
गाठ तयार झाल्यानंतरचे चित्र वेगळे असते. गाठीत टी-पेशी सापडतात, पण पुष्कळशा थकलेल्या असतात. नियामक टी-पेशी (प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या) व काही मॅक्रोफेज (भक्षक पेशी) त्यांना आणखी आवरतात आणि कर्करोगपेशींवरील पीडी-एल१ हे प्रथिन त्यांना थांबण्याचा इशारा देत राहते. हा इशारा तोडणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये या कर्करोगाच्या काही रुग्णांसाठी मान्यता मिळाली. गंमत अशी की, वाढत राहण्यासाठी कर्करोगपेशीला विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिने सोडून चालत नाही, म्हणजे परकेपणाची खूण तिला पुसता येत नाही. उपचारात्मक लशींचा (झालेला आजार बरा करण्यासाठीच्या) रोख म्हणूनच या दोन प्रथिनांवर असतो.

प्रश्नकर्ती
मग सध्याची लस जुना संसर्ग का बरा करत नाही?

प्रतिसाद १
कारण ती एल१ या बाह्य कवचाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करवते, आणि तळच्या थरातील बाधित पेशी ते कवच बनवतच नाहीत.