फ्रेडरिक कुक: ‘डॉक्टर गिर्यारोहकां’च्या यादीत ठेवायचा की वगळायचा?

कातळकडा:
आमच्या गिरिभ्रमण मंडळात ‘डॉक्टर गिर्यारोहक’ या विषयावर व्याख्यान ठरतंय. टॉम लाँगस्टाफ (त्रिशूळ, १९०७) आणि हॉवर्ड सॉमरव्हेल (एव्हरेस्ट १९२२ आणि १९२४, पुढे त्रावणकोरात नेय्यूरला शल्यचिकित्सक) यांच्याबद्दल दुमत नाही. अमेरिकेच्या डॉ. फ्रेडरिक कुकच्या नावावर मात्र बैठकीत खडाजंगी झाली. ‘खोटारड्याला मान कशाला?’ असा आक्षेप आला. मला तो अन्यायाचा वाटतो.

१८९८ साली कुक डॉक्टर म्हणून असलेलं ‘बेल्जिका’ हे मोहिमेचं जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं आणि तब्बल वर्षभर सुटलं नाही. दोन महिन्यांहून जास्त काळ सूर्य उगवलाच नाही. माणसांचे पाय सुजले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, कुणाकुणाचं डोकंही ठिकाणावर राहिलं नाही. ‘क जीवनसत्त्व’ हे नावसुद्धा तेव्हा जन्मलं नव्हतं. पण कुक आधी ग्रीनलंडला रॉबर्ट पिअरी या अमेरिकन ध्रुवसंशोधकाच्या मोहिमेत डॉक्टर होता. ताजं, कच्चं मांस खाणाऱ्या तिथल्या मूळ रहिवासी इन्युइटांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा हाच आजार) होत नाही, हे त्याने तिथे पाहिलेलं. त्याने सगळ्यांना सील आणि पेंग्विनचं ताजं मांस खायला लावलं. गोमांस, कॉड मासा आणि बदक एका भांड्यात भाजून वर रक्त आणि माशाचं तेल ओतावं, अशी पेंग्विनची चव त्यानेच लिहून ठेवलीय! मोहीमप्रमुख द गेरलाशला तर ते मांस डोळ्यांसमोर नको असायचं. नाडी ढासळलेल्या रुग्णाला कुक कपडे उतरवून धगधगत्या शेगडीपुढे तासभर बसवायचा. कप्तान लकोंतने मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं, तो उठून कामाला लागला. शेवटी करवती आणि स्फोटकांनी बर्फात कालवा काढून जहाज सोडवलं, त्यातही कुकचा पुढाकार होता. त्याच जहाजावर असलेला तरुण अमुंडसेन, पुढे दक्षिण ध्रुवावर पहिला पोहोचलेला, त्याला आयुष्यभर मानत राहिला. असा माणूस यादीत नको?

रानवारा:
तीव्र असहमत. बेल्जिकाबद्दल एक शब्द खोडत नाही. पण तुमच्या विषयात ‘गिर्यारोहक’ आहे, आणि त्या बाबतीत कुकचं काम काय? १९०६च्या सप्टेंबरमध्ये एड बॅरिल या एकाच सोबत्याला घेऊन जेमतेम दोन आठवड्यांत अलास्कातलं मॅकिन्ली (डेनाली) सर करून आलो, असा दावा. उंची ६,१९० मीटर. पुरावा म्हणून पुस्तकात छापलेला फोटो: खडकावर झेंडा धरून उभा बॅरिल. १९१०मध्ये पार्कर आणि ब्राउन तोच खडक शोधत गेले. हे दोघे काही परके नव्हेत, १९०६च्याच मोहिमेत ते आधी कुकबरोबर होते. खडक सापडला, पण माथ्यापासून सुमारे ३० किमी दूर, साडेपाच हजार फुटांच्या आतबाहेर उंचीच्या एका टेकाडावर. नकाशांत आज त्याला ‘फेक पीक’ (खोटं शिखर) म्हणतात.

खरी पहिली चढाई ७ जून १९१३ची. माथ्यावर पहिलं पाऊल वॉल्टर हार्परचं, आणि तो तिथल्याच मातीतला, आई अथाबास्कन. कुकचं खोटं चाललं असतं, तर हार्परचा मान गेला असता. चढाईचा इतिहास चढणाऱ्याच्या शब्दावरच उभा राहतो. आपल्याकडेही २०१६ साली महाराष्ट्रातल्या एका एव्हरेस्ट दाव्याचं प्रमाणपत्र बनावट फोटोंमुळे नेपाळने रद्द केलं. मंडळातल्या पोरांना तेव्हा काय सांगितलं होतं आपण?

उत्तररात्र:
रानवारा, दुसरी बाजूही बघा. बॅरिलचं ‘आम्ही चढलोच नाही’ हे प्रतिज्ञापत्र १९०९चं, म्हणजे कुक आणि पिअरी यांचं उत्तर ध्रुवावरून भांडण पेटल्यानंतरचं. पिअरीच्या पाठीराख्यांनी त्यासाठी पैसे मोजले, असा कुकचा आरोप होता. ध्रुवाबाबत कुकचा दावा २१ एप्रिल १९०८चा, पिअरीचा ६ एप्रिल १९०९चा, आणि आज पिअरीच्या नोंदींवरही अनेक अभ्यासकांचा विश्वास नाही. तरी एकाच्या वाट्याला मानमरातब आणि दुसऱ्याच्या वाट्याला बदनामी. हा न्याय कुठला?

रानवारा:
पिअरीने चुकीचा हिशेब दिला म्हणून कुकचा बरोबर ठरत नाही. कोपनहेगन विद्यापीठाने आधी कुकला डोक्यावर घेतलं होतं. त्यांनीच डिसेंबर १९०९मध्ये कागद तपासून सांगितलं की यातून ध्रुव गाठल्याचं सिद्ध होत नाही. आणि पैसे घेऊन प्रतिज्ञापत्र लिहिता येतं, खडक हलवता येत नाही.

वैद्यकी:
मी पेशाने डॉक्टर आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. कुकच्या खोटेपणाचा मला जास्त राग येतो तो त्याच्या चांगुलपणामुळेच. शेगडीपुढे बसवलेल्या त्या खलाशांनी त्याच्या शब्दावर जीव टाकला होता. ‘हे मांस खा, बरा होशील’ याला तेव्हा प्रयोगशाळेतला कुठलाही पुरावा नव्हता, फक्त डॉक्टरवरचा विश्वास होता. ज्याला त्या विश्वासाची किंमत इतकी नेमकी कळली, त्यानेच तो पुढे फोटोखालच्या ओळीत वापरून टाकला. पुढे १९२३मध्ये तेल कंपनीच्या समभागांच्या फसवणुकीत शिक्षा झाली, तीही चौदा वर्षं नऊ महिन्यांची. त्या शिक्षेबद्दल वाद घालता येईल. अमुंडसेन १९२६मध्ये त्याला तुरुंगात जाऊन भेटला, याचं मला मोल वाटतं.

कातळकडा:
वैद्यकी, तुमचा मुद्दा लागला. तरी मी नाव काढणार नाही. १९०३ साली याच माणसाने डेनालीच्या डोंगररांगेला पूर्ण वळसा घातला, तोही वाट ठाऊक नसताना. १९०८-०९चा हिवाळा अहवेला आणि एटुकिशूक या दोघा इन्युइट सोबत्यांबरोबर उत्तर कॅनडातल्या केप स्पार्बोला जमिनीतल्या खोपटात काढला, काडतुसं संपत आल्यावर भाल्यांनी कस्तुरी बैल मारून. हे कुणी नाकारत नाही. हेही डोंगरातलं आणि बर्फातलंच कर्तृत्व आहे.

मी असं करतोय: कुकवर वीस मिनिटं. अर्धी बेल्जिकाला, उरलेल्यात १९०३चा वळसा आणि फेक पीक, फोटोसकट. हार्परचं नाव मोठ्या अक्षरांत.

रानवारा:
हार्परला वीस मिनिटं द्या, कुकला पाच. मी प्रश्न विचारायला पहिल्या रांगेत असेन.