गाण्याच्या क्लासात आई-बाबांनी बसावं की खाली थांबावं?

पार्लेकर_सई

मुलगी सहा वर्षांची. जूनपासून पार्ल्यातच एका बाईंकडे गाणं शिकते, दर शनिवारी पाऊण तास. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं, "पालकांनी खाली थांबायचं, वर कुणी यायचं नाही." तेव्हापासून आम्ही सगळ्याजणी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून मोबाइल बघत उभ्या असतो.

मला हे पटत नाही. निदान पहिली दोन वर्षं तरी आई-बाबांपैकी एकाने क्लासात बसायलाच हवं.

पूर्वी शिष्य गुरूच्या घरी राहायचा. शिकवणी संपली तरी रियाज गुरूच्या कानावर पडत राहायचा, चूक झाली की आतून हाक यायची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये ते मुंबईत आणलं. वर्ग, फी, वेळापत्रक, परीक्षा असं गाणं शिकण्याचं वळण तिथून पडलं. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात गाणं आलं ते त्यामुळेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुरूचा कान आठवड्याला पाऊण तासावर आला. उरलेले सहा दिवस कान कुणाचा?

आमच्या घरी काय होतं ते सांगते. रविवारी लेक 'सारेग, रेगम, गमप' छान म्हणते. बुधवारपर्यंत 'पधनी'चं 'पनीध' झालेलं असतं. मी हटकलं की उत्तर ठरलेलं, "बाईंनी असंच शिकवलंय." मी वर नव्हतेच, तर बोलणार काय?

जपानचे व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी तर आई-वडिलांना शिकवण्याच्या मध्यभागीच बसवलं. मूल बोलायला शिकतं ते घरातलं ऐकून, मग वाद्यही तसंच शिकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पद्धतीत पालक क्लासात बसतात, वहीत टिपून घेतात, सुरुवातीच्या धुना स्वतः वाजवायला शिकतात आणि घरी सराव घेतात. आपल्याकडे मात्र पालक म्हणजे फी भरणारा आणि ने-आण करणारा.

तुमचे अनुभव सांगा. शिक्षक असाल तर जरूर बोला.

---

काळी_चार

मी दादरला गाणं शिकवते. आणि हो, मीही पालकांना बाहेर बसवते.

सुरुवातीला आत बसू द्यायचे. मूल 'म' लावायचं आणि माझ्याकडे न बघता भिंतीशी बसलेल्या आईकडे बघायचं. आईची भुवई जरा वर गेली की तो 'म' तिथेच लटपटायचा. मुळात चुकलेला नसायचाच तो. सुराला स्थिरावायला दोन श्वास लागतात, तेवढा दम आईला नसतो. पुढच्या वेळी मूल सूर लावायच्या आधीच आईकडे बघायला लागतं. अशा मुलाला तानपुरा कसा ऐकू येणार?

घरच्या 'मदती'चंही सांगते. एका मुलीचे बाबा रोज सराव घ्यायचे, अगदी मनापासून. आमच्या वह्या पलुस्कर पद्धतीच्या, तिथे स्वरावर टिंब म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला स्वर. बाबांनी स्वरलिपी शिकली ती भातखंडे पद्धतीची, तिथे वरचं टिंब म्हणजे तार, वरच्या सप्तकातला, मंद्राचं खाली. पुढच्या आठवड्यात पोरगी मंद्र निषाद वरच्या सप्तकात ताणून गात आली. शिवाय बाबांची पट्टी, म्हणजे 'सा' धरायची पेटीवरची जागा, काळी एक, हिची काळी चार. बाबांच्या पट्टीत खालचे स्वर गाताना तिचा नुसता वाराच यायचा. ते सगळं मोडून पुन्हा बसवायला पावसाळा गेला.

घरी तानपुरा लावून द्या. मूल गात असताना टीव्ही बंद ठेवा. दुरुस्ती माझ्यावर सोडा. 'पनीध'चं मी शनिवारी बघते, त्यासाठीच पैसे घेते.

---

गिरगाव_तिसरी_गल्ली

आमच्या चाळीत पेटीचा क्लास पहिल्या मजल्यावर आणि चूक काढायला तिन्ही मजले. पालक आत होते की बाहेर, काही फरक पडला नाही.

---

तिरकिट

@काळी_चार, गाण्याचं म्हणता ते मान्य, पण तबल्यात माझा अनुभव उलटा आहे. मला सूर-ताल काही कळत नव्हतं. सरांनी मला मुलाशेजारी बसवून तीनतालाची टाळी तेवढी शिकवली. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उघडा. बस्स. घरी तो 'धा धिं धिं धा' वाजवतो, मी हाताने ताल धरतो. तो पळायला लागला तरी माझा हात पळत नाही. मी त्याला एक शब्द बोलत नाही, बोलायला येतच नाही. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दोघं एकत्र आलो की त्यालाच कळतं. अडाणी पालकाचा हाच फायदा.

आणि मोठ्यांच्या घरचं बघा. माहीमला उस्ताद अल्लारखाँनी मुलाला, झाकीरभाईंना (झाकीर हुसेन), तबल्याचे बोल शिकवले ते घरीच. मोगूबाई कुर्डीकरांनी किशोरीताईंना (आमोणकर) गाणं शिकवलं ते आई म्हणूनच ना? आई-बाप लांब ठेवले असते तर?

---

काळी_चार

@तिरकिट, तुमच्या सरांना नमस्कार. न बोलता ताल धरणारे बाबा मिळाले तर मी त्यांना आत चटई टाकून देईन.

पण उदाहरणं कुठली देताय! अल्लारखाँ 'पालक' म्हणून शिकवत नव्हते हो. ते अल्लारखाँ होते. आणि मोगूबाईंचंच घेतलंत तर, घरात एवढी मोठी गायिका असूनही त्यांनी किशोरीताईंना काही काळ दुसऱ्या गायिकेकडे, अंजनीबाई मालपेकरांकडे, शिकायला पाठवलं होतं. तेही विसरू नका.

---

आठ_बावीस_स्लो

सगळं वाचलं. आता जरा खालच्या मजल्यावरचं बोलू.

धाग्यात 'पालक', 'आई-बाबांपैकी एकाने' असं लिहिलंय. पण पार्किंगमध्ये कोण उभं आहे? सईताईंनी स्वतःच लिहिलंय, "आम्ही सगळ्याजणी". सुझुकीसाहेबांचं सगळं खरं असेल, पण टिपणं घेणारी, घरी सराव घेणारी ती व्यक्ती कोण असणार हे सांगायला नको. मी डोंबिवलीहून लोअर परळला जाते. घरी पोचते तेव्हा कुकर लावायचा असतो, गृहपाठ असतो, शेजारच्या काकूंची मालिका सुरू झालेली असते आणि भिंत पातळ. त्यात आता रियाजावर देखरेख. मुलाची चूक राहिली तर आईचं लक्ष नाही, असं बोलायला सगळे मोकळे.

माझा मुलगा पेटी शिकतो. मी क्लासात कधीच बसले नाही. मी कणीक मळते, तो ओट्याशेजारी खाली बसून वाजवतो. मधेच मी म्हणते, "ते मघाचं परत वाजव रे." एवढाच माझा सहभाग. तो मात्र दोनदा वाजवतो, कधी तीनदा.

---

मध्यमा_पर्यंत

माझे बाबा क्लासात बसायचे. दर वेळी. टेपरेकॉर्डर घेऊन. घरी आल्यावर कॅसेट लावून, "इथे सरांनी थांबून घेतलंय, तू धावतोयस." प्रारंभिक, प्रवेशिका, सगळ्या परीक्षा चांगल्या मार्कांनी झाल्या. मध्यमेनंतर मी तंबोऱ्याला हात लावलेला नाही.

बाबांचं मात्र भलं झालं. माझ्या निमित्ताने ते भूप, दुर्गा, यमन शिकले आणि निवृत्तीनंतर आता मुलुंडच्या भजनी मंडळात पुढे बसून गातात. तेव्हा पालकांना शिकायचंच असेल तर त्यांनी स्वतःच्या नावाने फी भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पोराच्या शेजारी नको.

---

सा_रे_मायनर

मी सुझुकी पद्धतीवाली आई आहे, त्यामुळे थोडी बाजू मांडते. वर बहुतेक जण गाण्याबद्दल बोलतायत. व्हायोलिनचं वेगळं आहे.

साडेचार वर्षांचं मूल वाद्य जुळवू शकत नाही. खुंटी जरा जास्त फिरली की तार तुटते. बो (गज) धरताना अंगठा वाकलेला हवा, करंगळी वर टेकलेली हवी, आणि मुलाचा अंगठा दर दोन मिनिटांनी ताठ होतो. तो कसा दिसायला हवा हे मी क्लासात बघितलं नसतं तर घरी काय बघणार होते? आठवडाभर ताठ अंगठ्याने वाजवलं की तीच सवय लागते. मग ती सोडवायला शिक्षकांचा घाम निघतो.

मला स्वतःला तीच पहिली धून शिकावी लागली. माझं व्हायोलिन इतकं भयंकर वाजायचं की लेकीने मला शिकवायला सुरुवात केली. ही त्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

आणि @मध्यमा_पर्यंत, तुमच्या बाबांनी कॅसेट लावली ती चूक शोधायला. आमच्याकडे रेकॉर्डिंग लागतं ते नुसतं कानावर पडायला, जेवताना, गाडीत. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

---

पार्लेकर_सई

धन्यवाद सगळ्यांना.

@आठ_बावीस_स्लो, 'सगळ्याजणी' बरोबर पकडलंत. आमच्या पार्किंगमध्ये एक आजोबा असतात, बाबा एकही नाही. पण त्यावर उपाय बाबांना वर पाठवणं हा असू शकतो. सगळ्यांनाच खाली ठेवणं हा कसा?

@काळी_चार, भुवईचं पटलं. तरी टिंबाच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार. ते बाबा चुकले कारण ते क्लासात नव्हते! एकदा वर बसले असते तर वही कशी वाचायची ते पाच मिनिटांत कळलं असतं. पालकांना बाहेर ठेवायचं आणि मग घरी चुकीचं करतात म्हणायचं, हे बरं आहे.

माझी आताची मागणी एवढीच: शेवटची पाच मिनिटं पालकांना वर बोलवा. या आठवड्यात काय दिलं, कुठल्या पट्टीत, किती लयीत, एवढं त्यांच्यासमोर मुलाकडून म्हणवून घ्या.

---

काळी_चार

पाच मिनिटं चालतील. अटी: एका मुलामागे एकच माणूस, मोबाइल खिशात, आणि मूल गाताना त्याच्याकडे बघायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं. एका बॅचला आठ मुलं असतात, म्हणजे ती पाच मिनिटं सगळ्यांची मिळून. प्रत्येकाची पाच म्हणालात तर माझी पुढची बॅच जिन्यात उभी राहील.

---

आठ_बावीस_स्लो

खिडकीबाहेर बघायला मला जमेल. वेळ तेवढी संध्याकाळी सातनंतरची ठेवा.

---

सा_रे_मायनर

पाच मिनिटांत बो धरणं कळत नाही. वाद्यवाल्यांसाठी हा तोडगा चालणार नाही, एवढं नोंदवून ठेवते.

अवांतर: लेकीचं १/१६ व्हायोलिन आता तिला लहान होतंय. बो आणि केस चांगल्या स्थितीत, एक तार नवी घातली आहे. गोरेगाव-मालाडच्या बाजूला कुणाला हवं असेल तर व्यनि करा.