लेझर स्पेकलमध्ये कोऱ्या प्लेटवरही हालचाल दिसते : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पेट्री डिशमधील ई. कोलाय या जिवाणूची वाढ, वसाहती डोळ्यांना दिसू लागण्याआधीच, लेझरने टिपता येते का हे मी तपासत आहे. ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेझर भिंगाने पसरवून आगरवर (जिवाणू ज्यावर वाढवतात त्या जेलीवर) पाडला, की विखुरलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून काळ्या-उजळ ठिपक्यांची जाळी, म्हणजे स्पेकल, उमटते. जिवाणू हलले किंवा वाढले, की ती बदलते. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये दर १० मिनिटांनी एक छायाचित्र घेऊन मी लागोपाठच्या दोन छायाचित्रांमधला सहसंबंध, म्हणजे ती एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, काढतो.

अडचण अशी, की जिच्यावर जिवाणू सोडलेलेच नाहीत त्या प्लेटवरही पहिला तासभर हा सहसंबंध जवळजवळ तितकाच घसरतो. आगर फ्रिजमधून थेट आत गेल्यामुळे हे होत असावे असे वाटून पुढच्या वेळी प्लेटी दोन तास आधीच आत ठेवल्या. घसरण कमी झाली, पण थांबली नाही. पंखा बंद करूनही फरक पडला नाही. कॅमेरा वर असल्याने प्लेट नेहमीसारखी पालथी ठेवत नाही, त्यामुळे झाकणाला आतून बाष्प धरते. एकदा त्यातला एक थेंब ओघळला आणि हालचालीच्या नकाशावर नेमकी तेवढीच वाट ‘जिवंत’ झाली!

कोऱ्या प्लेटचा आकडा सरळ वजा करणे मला पटत नाही, कारण दोन्ही प्लेटींतले आगर सारख्याच वेगाने सुकेल असे नाही. मग सुकणे आणि वाढ वेगळी कशी काढावी?

प्रतिसाद

तुमचे दहा मिनिटांचे अंतरच फार मोठे आहे. सुकताना आगरचा पृष्ठभाग अर्ध्या मायक्रोमीटरने जरी असमान खचला, तरी जाळी बदलते, कारण तरंगलांबीच तेवढी आहे. उलट जिवाणूंच्या हालचालीने होणारी लुकलुक फार जलद असते. म्हणून दर दहा मिनिटांनी सेकंदाला २० ते ३० चित्रांची दहा सेकंदांची मालिका घ्या आणि सहसंबंध त्या मालिकेच्या आतच काढा. तेवढ्या वेळापुरते आगर स्थिर धरता येते. मात्र १.५ टक्क्यांच्या कडक आगरवर जिवाणूंचे पोहणे जवळपास थांबते, त्यामुळे पद्धत पडताळण्यासाठी आधी ०.३ टक्क्यांचे मऊ आगर वापरून पाहावे.

वजाबाकीच करायची असेल, तर कडक आगरच्या एकाच प्लेटच्या अर्ध्या भागावर जिवाणू सोडा आणि उरलेला अर्धा कोरा ठेवा. कडक आगरची प्लेट पालथी ठेवून तळाकडून चित्र घेतलेत, तर झाकणावरचे थेंब निदान कॅमेरा आणि आगर यांच्या मध्ये येणार नाहीत.