टर्कीच्या पिसाचे धड वळताना बायट चिरतो. ड्राय फ्लाय बांधणाऱ्यांचे मार्गदर्शन हवे

कोलबाडचा गळकरी, ठाणे

नमस्कार. येत्या मार्चमध्ये ट्राउटचा हंगाम उघडला की हिमाचलातील तीर्थन नदीवर जाण्याचा बेत आहे आणि त्यासाठीचे ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारे, किड्यासारखे दिसणारे पिसांचे गळ, या वेळी घरीच बांधायचे, असे मनाशी पक्के केले आहे. बदलापूरजवळ एका परिचितांनी टर्की पाळल्या आहेत. त्यांच्याकडून पंखांची पांढरी पिसे पिशवीभर मिळाली. या पिसाच्या अरुंद बाजूला जे आखूड, ताठ तंतू असतात, म्हणजे फ्लाय बांधणारे ज्यांना बायट म्हणतात, ते हुकवर गुंडाळून मेफ्लाय या पाणकिड्याच्या पोटावर दिसतात तशा वळ्या आणण्याचा माझा प्रयत्न चालू आहे.

काल रात्री १४ नंबरच्या हुकवर दोन वेढे उत्तम बसले, तिसऱ्या वेढ्याला बारीकसा 'टक' आवाज झाला आणि बायट उभा चिरत गेला. नऊपैकी सहा असेच वाया गेले. जे तीन टिकले त्यांतही एकसारखेपणा नाही. दोहोंवर प्रत्येक वेढ्याची कड उभी राहून झालरीसारखी दिसते, तर तिसरा नखासारखा गुळगुळीत झाला आहे, आणि बांधण्याची पद्धत तर तिन्ही वेळा तीच होती. शिवाय पाण्याच्या पेल्यात सोडलेले हे फ्लाय पाच-सात मिनिटांत मागच्या बाजूने बुडू लागतात. धडाखाली मी शिवणयंत्राचा साधा सुती दोरा वापरला आहे. दोष पिसाचा आहे की माझ्या पद्धतीचा?

खाडीकाठ, वाशी

पिसे चांगली आहेत, ती टाकू नका. बायट चिरतो तो कोरडा असल्यामुळे. पीस हे नखासारखेच केराटिनचे असते. कोरडे असताना ताठ आणि ठिसूळ, ओले झाले की लवचिक. दांड्यापासून सोललेले बायट ओल्या कागदी रुमालात गुंडाळून अर्धा तास ठेवा, किंवा सरळ पाण्याच्या वाटीत टाका. घाई असेल तर कोमट पाणी घ्या. बांधताना अणकुचीदार टोकाकडून बांधा, म्हणजे शेपटीजवळ धड बारीक राहील आणि पुढे जाड होत जाईल, जसे खऱ्या मेफ्लायचे असते. दुसरे टोक हॅकल प्लायरमध्ये, म्हणजे पीस धरायच्या छोट्या चिमट्यात, सरळ रेषेत धरा. चिमटा तिरका लागला की ताण एकाच कडेवर येतो आणि तिथूनच चीर सुरू होते.

आता झालरीबद्दल. आपल्या पिशवीत डाव्या आणि उजव्या पंखांची पिसे एकत्र झाली आहेत, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. दोन्ही पंखांचे बायट एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. बायटची एक कड पातळ आणि किंचित केसाळ असते. ही कड वेढ्याच्या वर राहिली की झालर दिसते, पुढच्या वेढ्याखाली दबली की धड गुळगुळीत होते. म्हणूनच पद्धत तीच ठेवूनही निकाल बदलला. सर्व पिसे टोक वर आणि चकचकीत बाजू आपल्याकडे करून टेबलावर मांडा. ज्यांची अरुंद बाजू डावीकडे येते ती एका पिशवीत, उजवीकडे येते ती दुसऱ्या पिशवीत ठेवा. सोललेल्या बायटच्या बुडाशी छोटी खाच असते, तीही खुणेसाठी उपयोगी पडते. खाच वर ठेवून एक आणि खाली ठेवून एक असे दोन फ्लाय बांधून पाहिलेत की पुढे विचार करावा लागणार नाही.

बुडण्याचे कारण मात्र पीस नसून दोरा आहे. सुती दोरा पाणी शोषतो. मेण लावलेला बारीक पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा वापरा आणि खालचा थर अगदी सपाट ठेवा, कारण प्रत्येक गाठ आणि उंचवटा बायटमधून दिसतो. हेही लक्षात असू द्या की ड्राय फ्लायला तरंगत ठेवण्याचे काम धडाचे नसते, ते कोंबड्याच्या ताठ हॅकलचे, म्हणजे हुकभोवती गुंडाळलेल्या पिसाचे, आणि शेपटीच्या तंतूंचे असते. धडाने फक्त पाणी पिऊ नये एवढीच अपेक्षा. टर्कीचीच मऊ माराबू पिसे मिळाली असतील तर ती बुडणाऱ्या फ्लायसाठी राखून ठेवा, ती लगेच भिजतात.

ऐरोलीचा वाचक

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. ट्राउटचे दात बारीक असले तरी दोन-तीन माशांनंतर उघडा बायट तुटतो. त्यामुळे वेढे देण्याआधी दोऱ्याच्या थरावर सुपर ग्लूचा अगदी पातळ हात फिरवावा आणि तो ओला असतानाच बायट गुंडाळावा. आपल्याकडील दमट हवेत हे काम फार चपळाईने करावे लागते, कारण सुपर ग्लू हवेतील ओलाव्यानेच घट्ट होतो. जुलैमध्ये मी बांधलेल्या काही फ्लायवर तर पांढरी साय धरली होती. पावसाळ्यात त्याऐवजी साधे वॉर्निश वापरतो आणि एक रात्र वाळू देतो.

पिसे थेट फार्मवरून आली आहेत, म्हणून त्यांत कीड असू शकते. भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावीत. धुतल्याने तेलकटपणाही जातो आणि पुढे रंगवायची झाल्यास रंग सारखा चढतो. पांढऱ्या पिसांचा हा मोठा फायदा आहे: व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात ॲसिड डायने ऑलिव्ह, तपकिरी, गंजाचा असा हवा तो रंग मिळतो. पाणी उकळू मात्र देऊ नये.

एक विनंती. फ्लाय बांधण्याची गोडी लागली की जंगलात पडलेली पिसेही खुणावू लागतात. येऊरच्या वाटेवर रानकोंबड्याचे पीस दिसले तरी ते तिथेच राहू द्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे. पाळीव टर्की आणि कोंबडी यांच्या पिसांवर आपले सारे काम निभते.

कोलबाडचा गळकरी, ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. पिसे मांडून पाहिली; खरोखरच दोन्ही पंखांची निघाली. अर्धा तास भिजवलेले पाच बायट आज वळले, एकही चिरला नाही आणि पाचही धडांवर झालर सारखीच उतरली. नायलॉनच्या दोऱ्यावर बांधलेला एक फ्लाय संध्याकाळी सातपासून पेल्यात आहे, आता साडेआठ वाजले तरी हॅकलवर उभा आहे. उरलेली पिसे धुवायला घेतली आहेत.