एअर प्लांट मधूनच कुजलं. आता दुसरं कसं वाचवू?

निवडुंगी: मार्चमध्ये दोन टिलँडसिया, म्हणजे मातीविना वाढणारे एअर प्लांट, आणले. एक मुठीत मावेल एवढं आयोनान्था, दुसरं रुपेरी कुरळ्या पानांचं झेरोग्राफिका. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, हवेवर जगतं, पाण्याची कटकट नाही." मला काही ते पटलं नाही, म्हणून रोज रात्री झोपताना फवारा मारायचे. आयोनान्था काचेच्या गोळ्यात होतं. डोंबिवलीचा जुलै, खिडक्या बंद. परवा उचललं तर मधली पानं हातात आली, बूड काळं आणि वास! झेरोग्राफिकावर पांढरी भुकटी होती, ती बुरशी समजून सासूबाईंनी ओल्या फडक्यानं घासून काढली. आता ते हिरवं दिसतंय. चांगलं की वाईट?

गच्चीवाला: ती बुरशी नव्हती हो! ते पानांवरचे सूक्ष्म खवले. याची मुळं फक्त फांदी धरायला, पाणी पितं ते या खवल्यांतून. मरणार नाही, नवी पानं रुपेरीच येतील. सासूबाईंना सांगा, फडकं टीव्हीवर चालवा.

आयोनान्था पाण्यानं नाही, न सुकल्यानं गेलं. त्यात रात्रीचा फवारा. हे झाड दिवसा रंध्रं, म्हणजे पानांवरची श्वासाची छिद्रं, मिटून बसतं आणि रात्री उघडतं. तेव्हाच पानं ओली म्हणजे नाक दाबल्यासारखं. मी रविवारी सकाळी बादलीत २०-३० मिनिटं बुडवतो, उलटं धरून झटकतो, पंख्याखाली ठेवतो. चारेक तासांत गाभा कोरडा झालाच पाहिजे. झेरोग्राफिकाला याहून कमी. या दमट हवेत तर मी त्याला हातही लावत नाही.

तंगूसवाली: बोअरचं पाणी असेल तर नको, क्षार पानांवर बसतात. पागोळ्यांखाली बादली लावा. आणि तांब्याच्या तारेनं बांधू नका, तांबं याला विष. माझं एक असंच गेलं. आता मासे पकडायच्या तंगुसानं आंब्याच्या फांदीच्या तुकड्यावर बांधते.

पाटपाणी: आमची आजी याला बांडगूळ म्हणते, घरात ठेवू देत नाही.

गच्चीवाला: आजींना म्हणावं, बांडगूळ झाडाचा रस चोरतं, हे नुसतं बसायला जागा मागतं. कोकणात आंब्या-फणसावर ऑर्किड असतात तसंच. मूळ अमेरिका खंडातलं, कुळ अननसाचं.

निवडुंगी: काचेच्या गोळ्यात आता बटणं भरलीत. पण आयोनान्था टाकायला गेले तर बुडाशी वाटाण्याहून थोडं मोठं पिल्लू, घट्ट आणि हिरवंगार! लगेच काढू?

गच्चीवाला: एरवी आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं होईपर्यंत थांबतात. इथे आईच सडलीय, आजच काढा. बुडाला काळं असेल तर स्वच्छ ब्लेडनं तेवढं तासा, दोन दिवस कोरडं राहू द्या. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नको.

निवडुंगी: काढलं. सासूबाईंना दाखवलं नाहीये अजून.