पिझ्झाची भट्टी घरी बांधतोय, गवंडी म्हणतो साधं सिमेंट चालेल. चालेल का?

उडती_काजळी

नमस्कार मंडळी. परसात लाकडावरची पिझ्झा भट्टी बांधायची असं दोन वर्षं नुसतं घोकत होतो, शेवटी मागच्या महिन्यात मनावर घेतलं आणि चौथरा बांधून वर चार इंची स्लॅबपण टाकून झाला. आतून ९० सेंटिमीटर व्यास, गोल घुमट असा बेत आहे. इथपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं पण आता गवंडीदादांशी रोज वाद. त्यांचं म्हणणं साध्या लाल विटा आणि सिमेंट-वाळूचा माल वापरू, एवढी घरं बांधली एक भिंत हलली नाही तर ही भट्टी काय हलणार. फरशीच्या विटा थेट स्लॅबवर बसवू. आणि धुराडं घुमटाच्या मधोमध वर काढू म्हणजे धूर सरळ निघून जाईल. ऐकायला सगळं पटतं हो, पण मी जे काही वाचलंय त्यात नेमकं उलटं लिहिलंय आणि दादांसमोर "मी वाचलंय" म्हणायची सोय नाही.

तर फायर ब्रिक (उष्णता सोसणारी खास वीट) खरंच लागते का, फरशीखाली काही घालायचं असतं का, धुराडं कुठे काढायचं आणि विटा साधारण किती लागतील? एकदा बांधली की तोडायची माझी तयारी नाही, बायकोने बजावलंय की हा उद्योग एकदाच होणार.

अर्धी_वीट

तोडायची तयारी नाही म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो, कारण मी तोडलीये.

माझी पहिली भट्टी दिसायला एक नंबर होती. घुमट असा गोल की येणारा जाणारा हात फिरवून जायचा. फरशी मात्र तुमचे दादा म्हणतात तशीच, फायर ब्रिक थेट स्लॅबवर. पहिला पिझ्झा दोन मिनिटांत झाला, टाळ्या वगैरे. दुसऱ्याला तीन मिनिटं लागली. तिसरा वरून करपला आणि उलटून बघितला तर खालून पांढराफटक, कच्चं पीठ बोटाला चिकटत होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर घुमट ४२० डिग्री आणि फरशी २१०. मग सहज चौथऱ्याच्या पोकळीत हात घालून स्लॅबला खालून हात लावला आणि चटकन मागे घेतला, इतका तापलेला. म्हणजे फरशी तापत नव्हती असं नाही, ती तापत होती आणि मिळालेलं सगळं खाली स्लॅबला देऊन टाकत होती. दोन तास लाकूड जाळून मी काँक्रीट भाजत होतो.

म्हणून बाकी काही करा न करा, फरशीखालचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, सोडू नका. घुमटावर नंतर कधीही आणखी एक थर चढवता येतो, फरशीखाली नंतर काहीही घालता येत नाही, सगळी भट्टी वर उभी असते. तुमचा स्लॅब झालाय त्यात काही बिघडलं नाही, त्याच्यावरच १० सेंटिमीटर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइटचा (तापवून फुगवलेले हलके खनिज दाणे) थर घाला, मापाने ५ भागाला १ भाग सिमेंट. पाणी अगदी बेताचं, मुठीत दाबलं तर गोळा जेमतेम धरून राहील इतकंच. हा माल हलका आणि भुसभुशीत दिसतो, गवंडी नाक मुरडणार की ह्याच्यात काय ताकद, पण त्यातली हवाच आपल्याला हवी असते. नाहीतर कॅल्शियम सिलिकेटचा उष्णता अडवणारा ५ सेंटिमीटर बोर्ड मिळतो तो चालतो, फक्त बांधताना आणि नंतरही तो भिजू द्यायचा नाही.

त्यावर वाळू आणि फायर क्लेचा (आगीत टिकणारी माती) पातळ थर, आणि त्यावर फरशीच्या विटा कोरड्याच, माल न लावता एकमेकींना खेटून. तापल्या की फुगतात, त्यांना हलायला जागा पाहिजे, आणि उद्या एखादी तडकली तर उचकटून दुसरी बसवता येते. विटा तोंडाच्या दिशेला तिरक्या लावा, सरळ लावल्या तर पिझ्झाचं फावडं प्रत्येक कडेला अडकतं. मी दुसऱ्या वेळी प्रत्येक वीट शेजारणीशी बोटाने चाचपून बसवली, कागदाच्या जाडीचा उंचवटासुद्धा फावड्याला कळतो.

एक विसरत होतो, ह्या थरांनी फरशी १७-१८ सेंटिमीटर वर येईल. भट्टीचं तोंड छातीशी आलं तर दर पिझ्झाला टाचा उंचवाव्या लागतील. कोपराच्या आसपास उंची बरी पडते, आत्ताच मोजून घ्या.

मातीचे_हात

मी तर म्हणेन आधी मातीची करून बघा. वाळूचा ढीग घुमटाच्या आकारात थापायचा, त्यावर ओले वर्तमानपत्राचे कागद, त्यावर चिकणमाती आणि वाळू पायाने तुडवून केलेला ८-१० सेंटिमीटरचा थर. माती आवळली की तोंड कापून वाळू उपसायची, हाताला कागद लागला की थांबायचं. मजुरी शून्य आणि पोरंटोरं मातीत खूश. तडे जातात, परत लिंपायची. पावसात मात्र विरघळते, वर छप्पर हवंच. हे केलं की मोठीत काय पाहिजे ते आपोआप कळतं.

चुना_फासणारा

(नाव जुनं आहे, हसू नका, पेशाने बांधकाम साहित्यातच आहे.)

गवंडीदादा भिंतीच्या हिशोबाने बोलतायत आणि भिंतीपुरतं त्यांचं बरोबरच आहे. भिंत कधी ४०० डिग्रीला जात नाही, एवढाच फरक. सिमेंट घट्ट होतं तेव्हा त्यात पाणी रासायनिक रूपाने अडकून बसतं, त्यातला कॅल्शियम हायड्रॉक्साइड ४०० ते ५०० डिग्रीच्या दरम्यान फुटतो आणि पाणी सोडतो. माल पिठूळ होतो, नखाने खरवडला तर पडतो. त्यात वाळूतला क्वार्ट्झ ५७३ डिग्रीला एकदम फुगतो, निवला की परत आक्रसतो. घुमटाच्या आतल्या पृष्ठभागावर ज्वाळा थेट चाटते तिथे एवढं तापमान अगदी शक्य आहे.

तयार रिफ्रॅक्टरी मॉर्टर (उष्णता सोसणारा माल) मिळत असेल तर उत्तम. नसेल तर घरगुती प्रमाण ठरलेलं आहे: ३ भाग बारीक वाळू, १ सिमेंट, १ चुना, १ फायर क्ले. आता तुम्ही विचाराल की एवढा वेळ सिमेंटला नावं ठेवली आणि परत सिमेंट का? ते फक्त बांधताना विटा जागेवर धरायला. तापत तापत त्याचा जोर ओसरतो तोवर चुना आणि क्लेने पकड घेतलेली असते. शिवाय घुमट मालाच्या ताकदीवर उभाच नसतो, विटा एकमेकींवर रेलून उभ्या असतात. म्हणून आतल्या कडेला विटा शक्य तितक्या खेटवा, सांधा बाहेरच्या बाजूला रुंद होऊ दे. आतून जाड सांधे दिसले तर समजा तिथूनच भुगा पिझ्झावर पडणार.

लाल विटांचं म्हणाल तर पूर्वीच्या बेकऱ्यांच्या भट्ट्या साध्या विटा आणि मातीच्या मालात बांधलेल्या असायच्या आणि वर्षानुवर्षं चालायच्या. पण त्या रोज पेटायच्या, पुरत्या थंडच व्हायच्या नाहीत. घरची भट्टी महिन्यातून दोनदा पेटते, मधे ओलावा पिते, आणि पाहुणे आले की आपण तासाभरात तिला ४०० ला नेतो. ह्या झटक्याने साध्या विटेचे पापुद्रे सुटतात. फरशीला तरी फायर ब्रिकच घ्या, घुमटालाही घ्या असं मी सांगेन, लाल वीट बाहेरच्या सजावटीला ठेवा. दादांचंही मन राहील.

गच्चीतला_माळी

मधेच विचारतो, हीच भट्टी गच्चीवर बांधली तर?

अर्धी_वीट

स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय अजिबात नको. नऊ इंची फायर ब्रिक साधारण साडेतीन किलोची, दीडशे विटा म्हणजे पाचशे किलोच्या पुढे, खाली दीड बाय दीड मीटरचा चार इंची स्लॅब तोही तेवढाच. चौथरा धरलाच नाही अजून. हे सगळं वजन एकाच कोपऱ्यात कायमचं बसणार. गच्चीसाठी पत्र्याच्या हलक्या तयार भट्ट्या येतात, त्या बघा.

उडती_काजळी

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. फरशीखालचा थर नक्की. सिमेंटचं चुनावाले दादांचं उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं, गवंडीदादा बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले "चुना घालणार असाल तर ठीक आहे", म्हणजे मीच ऐकत नव्हतो जणू. धुराड्यावर मात्र अजून अडून बसलेत. आणि तोंड किती उंच ठेवायचं? ते म्हणतात मोठं ठेवा, हात घालायला बरं.

उंबरठा

इथे मला बोलू द्या, मी तोंड मोठं ठेवून फसलेली आहे.

भट्टीत हवा कशी फिरते ते एकदा डोळ्यासमोर आणा. थंड हवा तोंडाच्या खालच्या अंगाने आत शिरते, विस्तवापर्यंत जाते, तापून वर चढते, घुमटाला चाटत चाटत पुढे येते आणि त्याच तोंडाच्या वरच्या अंगाने बाहेर पडते. एकाच दारातून येणं आणि जाणं. ज्वाळा छतावरून लोळत पुढे येते ना, पिझ्झाची वरची बाजू तीच भाजते. मधोमध भोक पाडलंत तर ज्वाळा सरळ तिथून पसार, घुमट तापणारच नाही. धूर सरळ जाईल हे दादांचं खरं आहे, फक्त त्याच्याबरोबर सगळी धगही जाईल. धुराडं तोंडाच्या बाहेर, कमानीच्या पुढे काढतात. म्हणजे दार लावलं की धुराडं दाराच्या बाहेर राहतं आणि आतली ऊब आतच कोंडते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उबेवर पाव भाजून निघतो. तुमच्या मापाला १५ सेंटिमीटरचा पाइप पुरेल.

तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास ठेवायची असा जुना ठोकताळा आहे. तुमचा अर्धगोल म्हणजे आतून ४५ सेंटिमीटर उंच, तर तोंड २८. एक-दोन इकडेतिकडे चालतं. माझं ३५ होतं, फरक बघा: सरपण घालतच राहायचं आणि तापमान ३०० च्या वर सरकायचं नाव नाही. शेवटी कमानीच्या आतून लोखंडी पट्टी लावून तोंड खाली आणलं, तेव्हा कुठे घुमटाची काजळी जळून वीट पांढरी दिसायला लागली. तीच खूण लक्षात ठेवा, घुमट आधी काळा होतो आणि पुरेसा तापला की काजळी जळून स्वच्छ होतो. थर्मामीटर नसला तरी चालतं.

विटांचा हिशोब: अर्धगोलाचं आतलं क्षेत्रफळ साधारण १.२७ चौरस मीटर, घुमटाला विटा अर्ध्या करून लावतात, अर्ध्या विटेचं तोंड साडेअकरा बाय साडेसात सेंटिमीटर, म्हणजे दीडशे अर्ध्या, म्हणून ७५ अख्ख्या. फरशी भिंतीखालपर्यंत धरून ४०. कमानीला १५-२०. फुटतूट धरून दीडशे मागवा.

चुना_फासणारा

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. फक्त भर: घुमटावर सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे (उष्णता अडवणारी तंतूंची गादी) २५ मिलिमीटरचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. कापताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्या, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. उघडं ठेवायचं नाही, लगेच जाळी आणि व्हर्मिक्युलाइटचा गिलावा. पाणी न शिरणारा शेवटचा लेप मात्र सुकवणी पूर्ण झाल्याशिवाय लावू नका.

घाईत_गडबड

सुकवणीवरून आठवलं. माझी बांधून आठ दिवस झाले होते, हाताला कोरडी लागत होती, मुलाचा वाढदिवस तोंडावर. सकाळी मोठा जाळ केला. अर्ध्या तासाने आतून फाडकन आवाज, विटेच्या तोंडाचा कपचा उडून निखाऱ्यात पडला आणि घुमटाला वरपासून तोंडापर्यंत तडा. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते तेव्हा ते हजारपटीहून जास्त फुगतं, त्याला बाहेर पडायला वाट आणि वेळ दोन्ही लागतात.

बांधल्यावर निदान आठवडाभर नुसती ठेवा, मग पहिल्या दिवशी दोन मुठी काटक्यांचा जाळ, आतलं तापमान १००-१२० च्या वर नाही, पण पाच-सहा तास सलग. रोज ४०-५० डिग्री वाढवत न्या. सात दिवस तरी धराच. केसासारखे तडे तरीही जातील, त्यांनी झोप उडवून घेऊ नका. लाकूड पूर्ण वाळलेलं, रंगवलेलं किंवा प्लायवूड चुकूनही नको, त्याचा धूर पिझ्झावर बसतो.

आणि पहिल्याच दिवशी ९० सेकंदांचा हट्ट नको. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची संघटना १९८४ पासून ६० ते ९० सेकंद म्हणत आलीये, पण त्यांचं पीठ आणि त्यांचा हात वेगळा. ३५० ला तीन मिनिटांत सुंदर होतो.

उडती_काजळी

पाच आठवड्यांनी येतोय, माफ करा. धुराडं पुढे काढलं. तोंड २९ झालं, कमान उतरवताना एक सेंटिमीटर दादांनी स्वतःच्या मनाने घेतला.

आज सुकवणीचा चौथा दिवस. आत २६० दाखवतंय आणि बाहेरून गिलाव्यावर हात ठेवला तर कोमट आणि चक्क ओला. चौथऱ्याच्या कडेने बारीक धार लागलीये, खाली वाटीभर पाणी साचलं. घाबरून दादांना फोन केला तर ते सायकल टाकून आले, बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले "एवढं पाणी तर मी घातलंच नव्हतं". आता दोघं मिळून काटक्या टाकत बसलोय. ही धार थांबेपर्यंत तापमान इथेच ठेवू की थोडं खाली आणू?

घाईत_गडबड

तिथेच ठेवा. ते व्हर्मिक्युलाइटने प्यालेलं पाणी आहे, येऊ दे बाहेर. वाटी बदलत राहा.