मदत हवी आहे: बाबांना रोज चालायला सांगितलंय, पण चालायचं कुठे आणि कधी? (चंद्रपूर)

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ६४ वर्षांचे, कोळशाच्या खाणीतून निवृत्त. सप्टेंबरमध्ये एका रात्री छातीत दाटून आलं, तसंच नागपूरला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. आता तब्येत चांगली आहे. आईने लोणचं-पापड बंद केलेत, तेल पळीने मोजून घेते, भाजीत मीठ अर्ध्यावर आलंय. रोज दोनदा बीपी बघते आणि आकडे दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिते. डॉक्टरांनी कागदावर जे लिहिलं ते सगळं आम्ही पाळतोय. अडलंय ते एका ओळीपाशी: रोज ४० मिनिटं चालणे.

आमचं घर शहराच्या कडेला, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यापासून दोन घरं आत. रस्त्याला फूटपाथ नाही. कडेच्या मातीत कोळशाची भुकटी मिसळून काळा पट्टा झालाय, ट्रक गेला की तो उडतो आणि बसायच्या आत दुसरा ट्रक येतो. आई सकाळी खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसते. दुपारी बोट फिरवलं तर टोक काळं. पांढरी चादर वाळत घालायची तर आधी दोरी पुसायची, नाहीतर चादरीवर मधोमध रेघ उमटते आणि ती धुऊनही जात नाही.

पहिल्या दिवशी मी बाबांबरोबर पहाटे साडेपाचला निघाले. समोर धुकं दिसत होतं. पन्नास पावलांवर वास आला तेव्हा कळलं की धूर आहे. गल्लीत चार घरी कोळशाच्या सिगड्या पेटवून बाहेर ठेवलेल्या, कोपऱ्यावर शेकोटी, एका अंगणात चुलीवर आंघोळीचं पाणी. धूर वर जातच नव्हता, छपरांच्या उंचीला आडवा पसरला होता. वीस मिनिटांत बाबांना खोकल्याची उबळ आली आणि ते एका घराच्या कठड्याला धरून थांबले. "तीस वर्षं खाणीत काढले, हा धूर काय करते मले?" असं म्हणाले, पण हात कठड्यावरून काढेनात. मी घाबरले. तेव्हापासून चालणं बंद आहे, आणि तेही बरोबर नाही हे मला कळतंय.

मग वाचायला लागले. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर-धूळ खालीच कोंडते. ऊन तापलं की झाकण सुटतं. म्हणजे ज्या पहाटेच्या "शुद्ध हवेसाठी" आम्ही निघत होतो, हिवाळ्यात सगळ्यात खराब हवा नेमकी तेव्हाच! आणि हे फुफ्फुसापुरतं नाही. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, फुफ्फुसात खोलवर जातात, त्यांतले अगदी बारीक रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, बीपी वाढतो, रक्त गोठायला सोपं जातं.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं होतं. इथल्या पुष्कळांना हा आकडा पाठ आहे. पण आमच्याकडे प्रदूषणाचं बोलणं कायम दम्याचं, खोकल्याचं, चुरचुरणाऱ्या डोळ्यांचं. हृदय आणि हवा यांची गाठ आमच्या घरात कुणी बांधलीच नव्हती. बाबांना अटॅक आला तेव्हा नातेवाइकांनी विचारलं ते तंबाखूचं (कधीच नाही), तुपाचं आणि टेन्शनचं.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. इथे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. नवतप्यात तर सकाळी आठलाच झळा लागतात. तेव्हा दहा वाजता चालणं शक्यच नाही, पुन्हा पहाटच उरते. शिवाय उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो, आणि गच्चीवर ट्रकचा आवाज थेट येतो. घरापुढे गतिरोधक आहे. भरलेला ट्रक तिथे गिअर बदलतो, मागचा हॉर्न मारतो, रिकामा ट्रक फाळका आपटत जातो. बाबा म्हणतात, मला आता ऐकूच येत नाही. पण आईच्या वहीत रात्री वाहतूक जास्त होती त्या दिवसांपुढे तिने "गाडी" असं लिहिलंय आणि त्या सकाळचे आकडे बहुतेक वेळा वरचे आहेत. एका वहीवरून काही सिद्ध होत नाही. तरी ते पान बघून मला झोप लागली नाही.

आणि तिसरं, जे लिहिताना मला जड जातंय. सिगडीवाल्या चार घरांत एक घर मावशींचं आहे. बाबांना नागपूरला नेलं त्या रात्री त्याच आईजवळ बसून होत्या. त्यांच्याकडे गॅस आहे, पण सिलिंडर चहापाण्याला आणि पाहुण्यांसाठी. रोजचा स्वयंपाक सिगडीवर, कारण कोळसा स्वस्तात मिळतो. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमच्या धुराचा बाबांना त्रास होतो? तो धूर सगळ्यात आधी त्यांच्याच छातीत जातोय. आमच्या गल्लीत अठरा घरं. मागच्या सहा वर्षांत चार पुरुष आणि एका काकूंना हृदयाचं दुखणं झालं. अंक छोटा आहे, वयंही झालेली आहेत. पण पाचही जणांना डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय आणि पाचही जण घरात बसून आहेत.

तर मला विचारायचंय की हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बाबांना नेमकं कधी चालवू? मास्कचा काही उपयोग होतो का, की तोंडाला दुपट्टा पुरे? हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या "समीर" ॲपवर आमच्या शहराचा रंग हिरवा दिसला तर निश्चिंत व्हायचं का? आवाज आणि धूळ यांची तक्रार कशी लिहायची? आणि मावशींशी कसं बोलू? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी मी आभारी राहीन.

प्रतिसाद: ओपीडीतून

ताई, मी फिजिशियन आहे. बाबांचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा आणि त्यांच्या डॉक्टरांशी पडताळून घ्या.

पहिलं म्हणजे चालणं सोडू नका. स्टेंटनंतर चालणं हे औषधच आहे. लंडनमध्ये ६० वर्षांवरच्या ११९ जणांना दोन-दोन तास चालवलं होतं, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जिथे डिझेलच्या बसची वर्दळ असते. त्यात हृदयरोगीही होते. बागेत चालल्यावर रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर तो फायदा बराचसा वाया गेला. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये हे आलंय. म्हणून जागा बदला. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलात तरी फरक पडतो.

थंडीत सकाळी साडेनऊनंतर किंवा दुपारी चार ते साडेपाच. सूर्य मावळल्यावर हवा पुन्हा कोंडते. शिवाय पहाटेच्या गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, ते वेगळंच. उन्हाळ्यात उजाडताना चाला, तेव्हा हिवाळ्याइतकी हवा कोंडत नाही. ४० मिनिटं एकदम हवीत असंही नाही. दहा-दहा मिनिटांचे चार फेरे चालतील, घरातल्या घरातही.

दुपट्टा उन्हासाठी उत्तम, पण बारीक कण त्यातून आरपार जातात. एन-९५ नाकावर घट्ट बसला तर उपयोग होतो. बीजिंगमध्ये ९८ हृदयरोग्यांना मास्क लावून आणि न लावता शहरात चालवलं, मास्क असताना बीपी कमी राहिला. बाबांना दम लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

"समीर"चं म्हणाल तर तिथे हवेचा निर्देशांक १०० पर्यंत असला तरी "समाधानकारक" म्हणतात. १०० चा अर्थ पीएम २.५ चोवीस तासांत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, ती आपली राष्ट्रीय मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे. हिरव्यातही दोन हिरवे असतात, गडद हिरवा बघून निघा. तो आकडाही हवा मोजायच्या केंद्राजवळचा, तुमच्या गल्लीतला नाही.

घरात संध्याकाळी डासांची कॉइल आणि बंद खोलीत उदबत्ती लावत असाल तर आधी ती थांबवा. मच्छरदाणी बांधा. कोरड्या झाडूऐवजी ओलं पुसा, खिडक्या पहाटे बंद आणि दुपारी उघड्या ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, मार्च संपायच्या आत औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा. उन्हात शरीर थंड ठेवायला हृदयाला जास्त रक्त कातडीकडे ढकलावं लागतं, घामाने पाणी जातं, आणि त्यात बीपीची किंवा लघवीची गोळी असेल तर बीपी एकदम खाली येऊ शकतो. डोस तेच बदलतील, तुम्ही मनाने काही बंद करू नका. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवायची गोळी तर एक दिवसही चुकवायची नाही. चालताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आला तर जागीच बसवा आणि १०८ ला फोन करा.

प्रतिसाद: ऊन_सावली, नागपूर

मावशींशी बाबांच्या तब्येतीवरून बोलू नका, त्यांना अपराधी वाटेल. त्यांच्याच खोकल्यावरून, डोकेदुखीवरून सुरुवात करा. आणि हे नक्की सांगा: सिगडीचा धूर थांबला की ती आत घेतात ना, तेव्हा दिसणारा धूर गेलेला असतो, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. दार बंद करून सिगडीजवळ झोपणं जिवावर बेतू शकतं.

आमच्या वस्तीत बचत गटाने सिलिंडरसाठी पैसे फिरवायला सुरुवात केली. एकदम मोठी रक्कम निघत नाही हीच खरी अडचण असते. ५ किलोचं छोटं सिलिंडरही मिळतं, त्याची चौकशी करा. जे सिगडी सोडू शकत नव्हते त्यांनी निदान पेटवायची वेळ उशिरा नेली आणि ती गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्यावर पेटवायचं ठरवलं. सगळं सुटलं नाही, पण पहाटे गल्ली दिसायला लागली.

उन्हाळ्यासाठी गच्चीला चुन्याचा हात द्या. मे २०१० च्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला. तिथे पांढऱ्या छतांवरही काम झालं. खोलीत फरक जाणवतो, आम्ही केलंय.

प्रतिसाद: केंटकीहून

मी अमेरिकेत, केंटकीतल्या लुईव्हिलला राहतो. इथे दक्षिण भागात हमरस्त्याला लागून असलेल्या वस्त्यांत विद्यापीठाने सुमारे ८,००० मोठी झाडं आणि झुडपं लावली आणि रहिवाशांचं रक्त आधी आणि नंतर तपासलं. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. झाडं लावलेल्या भागातल्या लोकांत सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा घटक, १३ ते २० टक्के कमी होता. सूज आणि हृदयविकार यांचा जवळचा संबंध आहे. रोपं नव्हती बरं का, बरीच वाढलेली झाडं होती, आणि पाला जमिनीपासून दाट राहील अशी. तुमच्याकडे करंज, कडुनिंब आणि खाली झुडपांची रांग असं काही रस्ता आणि घरं यांच्या मधे लावता येईल. फक्त अरुंद गल्लीवर छत होईल असं नको, धूर खाली अडकतो.

प्रतिसाद: अर्जदार

तक्रारीचं मी सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल मर्यादा आहे. मोबाइलचं ॲप पुरावा होत नाही, पण सात रात्रींची वेळ-वार नोंद जोडली की अर्जाला वजन येतं. आईंची वही जपून ठेवा. अर्ज अठरा घरांच्या सह्यांनी करा आणि मोघम "प्रदूषण थांबवा" लिहू नका. नेमक्या मागण्या लिहा: ट्रकवर ताडपत्री, कडेची भुकटी उचलणे आणि पाणी मारणे, रात्री गतिरोधकापाशी हॉर्नबंदीचा फलक, गल्लीच्या तोंडाशी एकदा फिरत्या यंत्राने हवेची मोजणी. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, एक महापालिकेला, एक वाहतूक पोलिसांना. प्रत्येकाची पोच घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. कॉइल त्याच संध्याकाळी बंद झाली, कपाटातून जुनी मच्छरदाणी निघाली.

पाच दिवसांपासून बाबा दहा वाजता चालतायत. गल्लीच्या मागे शाळेचं मैदान आहे, रस्त्यापासून चांगलं आत, कडेला चार मोठे कडुनिंब. सुट्ट्या असल्यामुळे शिपाईकाकांनी फाटक उघडून दिलं. बाबा खिशात दहा खडे ठेवतात आणि फेरी झाली की एक फाटकाजवळ टाकतात. काल दहाही संपले आणि खोकला आला नाही. आज दुसऱ्या गल्लीतले एक काका त्यांच्याबरोबर होते, त्यांची बायपास झालेली आहे.

मावशींकडे गेले होते. मी तोंड उघडायच्या आधी त्याच म्हणाल्या, "सकाळी डोकं लय दुखते माझं." मग कार्बन मोनॉक्साइडचं सांगितलं. सिगडी रात्री आत घेणार नाही म्हणाल्या, सिलिंडरचं मुलाशी बोलते म्हणाल्या. सहीसाठी अर्ज आणला तर पहिली सही माझी, असंही म्हणाल्या.

आता एकच अडचण आहे. सोमवारी शाळा सुरू होते. मैदान सकाळी दहाला मिळणार नाही, पण साडेचारला शाळा सुटल्यावर तासभर मिळू शकेल. आम्हा पाच कुटुंबांतर्फे मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा आहे, फाटक आणि स्वच्छतेची जबाबदारी आम्ही घेऊ. अशा परवानगीच्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका, रविवार संध्याकाळपर्यंत मिळाला तर फार बरं होईल.